भुराची सतरा षटकं

आमच्या तापी क्रिकेट क्लबाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं पान तेवीस उघडा. तिथे लिहिलंय की जानेवारी १९४६ मध्ये सुभाषचंदभाऊंनी आपल्या डाव्या हाताच्या फिरकीने इंग्रज कलेक्टरच्या संघाचे सदतीस धावांत आठ बळी घेतले आणि जळगावच्या मैदानावर परकीय सत्तेचे स्टंप उखडून टाकले. वाक्य झकास जमलंय. जमणारच, मी लिहिलंय. अठ्ठावीस वर्षं नगरपालिकेच्या शाळेत मराठी शिकवतोय. फक्त त्यातलं नाव खरं नाही. सुभाषचंदभाऊंनी त्या दिवशी एकही चेंडू टाकला नव्हता, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्या सामन्याचा स्कोअरर मीच होतो.

आठही बळी भुराने घेतले होते. भुरा म्हणजे क्लबाचा मॅटिंगवाला. स्मरणिकेत त्याचं नाव शोधू नका, नाही सापडणार. शेवटच्या पानावर मंडपवाल्याचे आभार आहेत, लाऊडस्पीकरवाल्याचे आहेत, भुराचे तेवढे नाहीत.

भुरा मूळचा चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका पाड्यातला. जात भिलाची. घरची पावसावरची ज्वारी, बाकी मोहाची फुलं, डिंक आणि मजुरी. पोरवयात शेतातल्या माळ्यावर बसून गोफणीने पाखरं हाकलायचा, तिथेच त्याचा डावा हात घडला. एकोणचाळीस साली कामाच्या शोधात जळगावला आला आणि मैदानावर रोलर ओढायला लागला. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. तरी मी त्याला अरेतुरे करायचो आणि तो मला गुरुजी म्हणायचा. यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी कुणालाही तेव्हा वाटलं नाही.

ज्यांनी मॅटिंगवरचा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात पाय रुततो. गवताची खेळपट्टी इथे टिकत नाही. म्हणून मुरूम दाबून त्यावर काथ्याची लांब चटई अंथरायची आणि कडेने लोखंडी खिळे ठोकून ती ताणायची. चटई जितकी ताठ तितका चेंडू झटकन वळतो आणि उसळतो. सैल राहिली की त्यातला जीवच जातो. ही चटई भुरा एकटा ताणायचा. गुडघा टेकून, कान लावून, मुठीने ठोकून बघायचा. कुठे खालचा मुरूम दबलाय, कुठे काथ्या झिजलाय, सगळं त्याला पाठ. आणि संध्याकाळी सभासदांना सराव हवा म्हणून दोन-दोन तास अनवाणी गोलंदाजी करायचा. आमचे फलंदाज त्याच्या हातून दिवसाला वीस वेळा बाद व्हायचे. सरावातलं बाद होणं कोण मोजतो, म्हणून ते हसून पुन्हा उभे राहायचे.

क्लब मोठा पुढारलेला बरं का. कप्तान झुलाल वकील, खादी वापरणारे, बेचाळीसला आठ महिने तुरुंगात जाऊन आलेले. मुंबईत तेव्हा हिंदूंचा संघ, पारशांचा संघ, मुसलमानांचा संघ असे सामने व्हायचे. देशात फूट पाडणारे हे सामने बंद झाले पाहिजेत असा ठराव वकिलांनी इथे जळगावात मांडला आणि आम्ही टाळ्यांच्या गजरात तो मंजूर केला. ज्या व्हरांड्यात तो मंजूर झाला, तिथल्या माठाला भुराने हात लावायचा नाही असा नियम होता. त्याचं मडकं बाहेर, निंबाच्या झाडाखाली. ठरावाच्या दिवशीही तो तिथेच जाऊन पाणी प्याला.

तर तो सामना. कलेक्टरचा संघ म्हणजे तो स्वतः, पोलीस साहेब, भुसावळच्या रेल्वेतले पाच-सहा गोरे, बाकी भरतीचे. निमंत्रणात स्पष्ट अट होती की खेळाडू क्लबाचे सभासदच हवेत, आणि नावं आधी पाठवायची. आमची मदार सुभाषचंदभाऊंवर. कापसाच्या जिनिंगवाल्या मारवाडी घराण्यातला एकुलता एक मुलगा, तेव्हा बावीस वर्षांचा, डावखुरा, बरा टाकायचा. त्या सकाळी घरच्या मोटारीच्या दारात त्याचं बोट चेंगरलं. बोट सुजून वांगं झालं.

वकिलांनी पाच मिनिटं विचार केला. मग भुराला चटईच्या खोलीत नेलं, सुभाषचंदचा पांढरा पोशाख चढवला, टोपी डोळ्यांवर ओढली आणि सांगितलं, आज तू सुभाषचंद, तोंड उघडायचं नाही. पायात कॅनव्हासचे बूटही घातले. पहिलं षटक टाकून झाल्यावर भुराने ते काढून सीमारेषेबाहेर ठेवले. पोलीस साहेबाने विचारलं की हा गृहस्थ अनवाणी का. वकील म्हणाले, धार्मिक माणूस आहे, नवस बोललाय. साहेबाने आदराने मान हलवली. आम्ही तंबूत पोट धरून हसलो.

पुढे हसू थांबलं. भुराने एका टोकाकडून सलग सतरा षटकं टाकली. चटई त्याने पहाटे स्वतः ताणलेली, एकेक टप्पा माहितीचा. लेगस्टंपबाहेरच्या एका जागी काथ्या जरा उचललेला होता आणि तो चेंडू तिथे असा टाकायचा, जसं बाई जात्यात मूठ टाकते. कलेक्टर अकरा धावांवर पायांमागून त्रिफळाचीत झाला. वळून खेळपट्टीकडे बघत राहिला. मग भुराकडे बघून त्याने टाळी वाजवली. सगळा संघ ब्याण्णवात आटोपला. त्या दिवशी मी जे पाहिलं तसं नंतर कधी पाहिलं नाही, आणि रेडिओला कान लावून मी आयुष्यभर ऐकलेलं क्रिकेट काही थोडं नाही.

चहाच्या वेळी भुराला चटईच्या खोलीत परत पाठवलं. कपडे उतरवले. सुभाषचंदने तेच कपडे घातले, बोटाला पट्टी, आणि कलेक्टरशी हात मिळवायला गेला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. पट्टी बघून साहेब म्हणाला, अशा दुखऱ्या बोटाने तुम्ही इतकं टाकलंत. सुभाषचंदने मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

आणि मी? मी स्कोअरबुकात प्रत्येक बळीपुढे सुभाषचंदचं नाव लिहीत गेलो. यादीत तेच होतं, दुसरं लिहिलं असतं तर सामना रद्द झाला असता. इथवर मी स्वतःला माफ करू शकतो. पुढचं करू शकत नाही. संध्याकाळी आम्ही सामना जिंकला. चटई गुंडाळून झाल्यावर भुरा माझ्या टेबलापाशी आला.

“गुरुजी, मनं नाव लिखं का?”

त्याला वाचता येत नव्हतं. मी वही उघडली, सुभाषचंदच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणालो, “लिहिलं की. हे बघ, हे तुझं.”

त्याच्या तोंडावर जो आनंद फुलला तो बघून मला बरं वाटलं होतं. आपण गरिबाचं मन राखलं, असं. चांगुलपणाचं हे ढोंग आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

स्वातंत्र्य आलं. गोऱ्या कलेक्टरला धूळ चारल्याची गोष्ट जिल्हाभर झाली. सुभाषचंद आधी नगरसेवक झाले, मग बाजार समितीवर गेले, आणि दर वेळी प्रचारात तो सामना. तुरुंगात न गेलेल्या माणसाला स्वातंत्र्यलढ्यातला वाटा हवा होता, तो त्याला आमच्या चटईवर सापडला. झुलाल वकील पंचावन्न साली वारले, बाकीचे खेळाडू पांगले. माहीत असलेले आम्ही दोन-तीन उरलो, आणि गप्प बसायची सवय तोवर अंगात मुरली होती.

भुरा साठ-एकसष्टला पाड्यावर परत गेला. मोठा सामना असला की निरोप धाडायचा, तो येऊन चटई ताणून जायचा. पाड्यावर तो पहिल्यापासून, सणासुदीला घरी गेला की, सांगायचा की आपण जळगावच्या कलेक्टरला बाद केलं होतं. खोटं वाटत असेल तर वहीत लिहिलंय, गुरुजींनी बोट ठेवून दाखवलंय. पाडा हसायचा. भिलाचा माणूस आणि कलेक्टरला बाद करतो? कुणी थाप मारली की पोरं म्हणायची, हाई भुरानी विकेट शे. वीस वर्षांत त्याचं नाव म्हणजे थाप असा अर्थ होऊन बसला. मला हे माहीत नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं.

एकाहत्तर साल उजाडलं. आधी वेस्ट इंडीज, मग इंग्लंड, दोन्ही ठिकाणी आपण जिंकलो. पानाच्या ठेल्यापासून कोर्टाच्या आवारापर्यंत सगळे गोलंदाजीचे पंडित झाले. क्लबाला पन्नास वर्षं झाली होती आणि विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. सुभाषचंदभाऊ उमेदवार. स्मरणिका काढायची ठरलं, इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं.

डिसेंबरात भुरा घरी आला. सोबत त्याची मुलगी रुपली. पंचविशीची, डाव्या भुवईवर व्रण. ओट्यावरच बसले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. भुराने सांगितलं ते असं. रुपलीचा नवरा पुना तिला मारायचा. दोन वर्षांपूर्वी भुरा तिच्या सासरी गेला असताना त्याच्या डोळ्यांदेखत पुनाने तिला कुऱ्हाडीच्या दांड्याने मारलं. भुराने जातपंचांपुढे साक्ष दिली. पुना म्हणाला, ती खडकावरून पडली. दोघांचे दोन शब्द. पंचांचे म्होरके गेंदानाना भुराला म्हणाले, “कलेक्टरले बाद करनारा तू. तुनं काय खरं धरानं?” सगळे हसले आणि रुपलीला सासरी परत पाठवलं. त्यानंतरच्या माराची खूण ती भुवईवर होती. आता ती माहेरी पळून आली होती. होळीच्या आधी, भिलांचा भोंगऱ्याचा बाजार झाला की पंच पुन्हा बसणार होते.

“गुरुजी, त्या बुकमा मनं नाव येवाले जोयजे,” भुरा म्हणाला. “पंचना म्होरे ठेवसू. मंग माले कोनी खोटा म्हनी नही.”

रुपलीने मान वर केली. ती माझ्याकडे बघत होती. मी शब्द दिला.

आणि मी लिहिलंही. दोन पानं, चटई, बूट, नवस, सगळं जसं घडलं तसं. आयुष्यात लिहिलेलं तेवढंच बरं लिखाण असेल. हस्तलिखित समितीकडे गेलं आणि चौथ्या दिवशी सुभाषचंदभाऊंचं बोलावणं आलं.

त्यांनी आवाज चढवला नाही. चहा आला, बर्फी आली. त्यांच्या पत्नी धनकुंवरवहिनी स्वतः विचारपूस करून गेल्या. मग भाऊंनी कपाटातून जुनं स्कोअरबुक काढलं आणि माझ्यासमोर उघडून ठेवलं.

“गुरुजी, मी तुम्हाला खोटं लिहा म्हणत नाही. फक्त यात आहे तेवढंच लिहा. हे अक्षर कोणाचं?”

“माझं.”

“खाली दोन्ही पंचांच्या सह्या आहेत. आता तुमच्या हातच्या नोंदीपुढे तुमची आठवण कशी टिकणार? लोक म्हणतील, निवडणूक आली आणि मास्तर फिरला. तुमचंच नाव खराब होईल. मला तुमची काळजी वाटते.”

मग सहज बोलल्यासारखं म्हणाले की जूनमध्ये मुख्याध्यापकाची जागा रिकामी होतेय आणि शिक्षण समितीत आपली माणसं आहेत. मी बर्फी खाल्ली. घरी येऊन दोन पानं फाडली आणि पान तेवीस लिहिलं, परकीय सत्तेच्या स्टंपांसह. मनाशी म्हणालो, इतिहास कागदावर चालतो, कागद हा असा आहे, मी काय करणार. बखर लिहिणाऱ्यांना आपण नावं ठेवतो. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे त्यांच्यासाठी म्हणतो. त्यांना निदान धन्याच्या तलवारीची भीती होती. मला बर्फीने गार केलं.

सव्वीस जानेवारीला स्मरणिका निघाली. भुरा आदल्या दिवशी येऊन चटई ताणून गेला होता. मी घरात दार लावून बसलो, त्याला भेटलो नाही.

फेब्रुवारीत मात्र झोप उडाली. पंच बसणार ती तारीख मला ठाऊक होती. स्मरणिका न नेता मी एस.टी.ने चोपड्याला गेलो आणि तिथून पुढे पाड्यापर्यंत चालत. मनात हिशेब असा की बुकाची गरजच काय, मी स्वतः उभा राहून सांगतो. शिकलेला माणूस, शहरातला मास्तर, माझा शब्द हे लोक उचलून धरतील. बघा, लाज वाटत होती तरी मस्ती गेली नव्हती.

मोहाच्या झाडाखाली पंच बसले होते. मधोमध गेंदानाना, ऐंशीच्या घरातले, एका डोळ्याने अधू. एका बाजूला पुना आणि त्याचे भाऊ, दुसरीकडे भुरा, त्याची बायको गुंताबाई आणि रुपली. मला बघून भुरा उठलाच. त्याने सगळ्यांना सांगितलं की हेच ते लिहिणारे गुरुजी.

मी सांगितलं, की त्या दिवशी गोलंदाजी भुराने केली, कलेक्टरला त्याने बाद केलं, मी डोळ्यांनी पाहिलं. माणसं कुजबुजली. गुंताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, झालं काम.

गेंदानानांनी विचारलं, “वहीमा भुरानं नाव शे?”

मी भुराकडे पाहिलं.

“गुरुजी, सांगा ना,” भुरा म्हणाला. “तुम्हीच तं दखाडं माले.”

“नाही,” मी म्हणालो. “वहीत सुभाषचंदचं नाव आहे. मीच लिहिलं.”

“आनि आते नवं बुक निंघनं, त्यामा?”

“त्यातही त्यांचंच. तेही मीच लिहिलं.”

पुनाचा भाऊ मोठ्याने हसला. म्हणाला की बघा, लिहिलेलं एक आणि बोलतोय एक, भुराने भाड्याने आणलेला साक्षीदार आहे. भुरा माझ्याकडे बघत होता. सव्वीस वर्षं तो ज्या बोटाच्या जोरावर हसू सोसत आला होता ते बोट खोटं होतं, हे त्याला त्या क्षणी, सगळ्या पाड्यासमोर कळलं. तो खाली बसला. रुपली त्याच्या शेजारी सरकून बसली.

मी घाईघाईने कारणं सांगू लागलो. यादी, अट, सह्या, निवडणूक. गेंदानानांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांनी काठीने थोडी माती उकरली. मग सावकाश बोलले.

“भुरा सव्वीस वरीस एकच सांगी ऱ्हायना. आपन हसनूत, तरी त्यानी बदलं नही. हाऊ लिखनारा दोन दाव खोटं लिखं, आते आठे ईसन बदलना. मंग खोटा कोन?”

बोलताना त्यांची काठी माझ्याकडे, दोनदा खोटं लिहून इथे येऊन शब्द बदलणाऱ्याकडे, रोखलेली होती.

ते पुढे म्हणाले, की ज्याचं बोलणं इतक्या वर्षांत बदललं नाही त्याची पुनाबद्दलची साक्ष खरी धरायची. मागच्या वेळी आपण चुकलो, चूक माझी. रुपली सासरी जाणार नाही. त्यांनी जमिनीवरची एक वाळकी काडी उचलली, पुना आणि रुपली यांच्या मध्ये धरली आणि मोडली. दोन्ही तुकडे दोघांच्या हातात दिले. पुना शिव्या देत उठून गेला. रुपलीने आपला तुकडा पदराच्या टोकाला बांधला.

मी सुटकेचा श्वास टाकला आणि निघण्यासाठी उठलो. गेंदानाना म्हणाले, थांबा, अजून एक राहिलंय. मग पंचांकडे वळून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

“या मानूसनी साक्ष आठे यापुढे कोनी लेवानी नही.”

सगळ्या पंचांनी माना हलवल्या. माझ्या पदव्या, माझी अठ्ठावीस वर्षं, माझं सुंदर अक्षर, सगळ्याचा निकाल तिथे एका ओळीत लागला. त्यातली एक मानही चुकीची हलली असं मला म्हणता येत नाही.

भुरा मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्याने मला बोलूच दिलं नाही.

“पोर घर उनी,” तो म्हणाला. “आते तुम्ही जा. आनि ती चटई दुसरा कोनी ताणी.”

सुभाषचंदभाऊ मार्चात निवडून आले. मी जूनमध्ये मुख्याध्यापक झालो.